नेम आणि परवाना : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात पहिल्या पिस्तुलाची निवड

१

वर्धा जिल्ह्याचे नाव घेताच शस्त्राचे स्मरण सहसा कोणास होत नाही. १९३६ साली गांधीजी ज्या शेगावात राहावयास गेले व जे पुढे सेवाग्राम या नावाने जगास परिचित झाले ते गाव, धाम नदीच्या काठचा विनोबांचा पवनार आश्रम, आणि या दोहोंभोवती वाढलेल्या ग्रामोद्योग व नयी तालीम यांसारख्या संस्था, हाच या जिल्ह्याचा लौकिक होय. परंतु याच जिल्ह्यात पुलगाव येथे सैन्याचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, आणि ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत सैनिक व अग्निशामक दलाचे कर्मचारी यांचे प्राण गेले. अहिंसेचा आश्रम आणि दारूगोळ्याचे कोठार या दोन टोकांच्या मध्ये सामान्य नागरिकाच्या हातातील लहान शस्त्राचा एक इतिहास आहे. त्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

निशाणाच्या खेळासाठी पहिले पिस्तूल कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ गिऱ्हाइकाचा वाटतो. पुष्कळ देशांत तो तसा आहेही. येथे मात्र नवशिक्या नेमबाज दुकानाच्या पायरीपर्यंत पोचण्यापूर्वीच त्याच्या निवडीचा मोठा भाग कायद्याने उरकलेला असतो. ही गोष्ट कशी घडली आणि तिच्यातून उरलेली निवड कोणत्या स्वरूपाची आहे, याचा विचार पुढे केला आहे.

२

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. मराठीतील शस्त्रविषयक शब्दसंग्रहात निरनिराळ्या कालखंडांचे थर स्पष्ट दिसतात. ‘बंदूक’ हा शब्द मूळ अरबी असून फारसीच्या द्वारे आला. ‘तमंचा’ फारसीतून आला. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे पोर्तुगीजांशी आलेल्या संबंधाचे अवशेष होत. ज्याच्यावाचून यांपैकी काहीच जवळ बाळगता येत नाही तो ‘परवाना’ही फारसीच. शस्त्राचे नाव आणि ते बाळगण्याच्या अनुज्ञेचे नाव ही दोन्ही अशा रीतीने बाहेरून आलेली आहेत.

याला महत्त्वाचा अपवाद ‘नेम’ या शब्दाचा. व्रताचा तो नेम, आणि बाण किंवा गोळी सोडण्यापूर्वी धरावयाचा तोही नेमच. ‘नित्यनेम’ म्हणणारा वारकरी आणि ‘नेम धरला’ म्हणणारा शिकारी एकच शब्द उच्चारतात. त्यालाच ‘बाजी’ हा फारसी प्रत्यय लागून ‘नेमबाजी’ हे आजच्या खेळाचे नाव सिद्ध झाले. एका शब्दात नियम आणि लक्ष्य या दोन कल्पना एकत्र नांदाव्यात हा योगायोग असो वा नसो, खेळाचे स्वरूप पाहता तो अन्वर्थक आहे. कायद्याच्या भाषेत मात्र असा एकच शब्द दोन्ही बाजूंस पुरत नाही. तेथे पिस्तूल हे प्रथम शस्त्र आहे; खेळाचे साधन ते मागाहून आणि सकारण ठरते.

३

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि वर्धा शहराची वसाहत १८६६ साली झाली. जिल्ह्याची कचेरी अशी नवीच असताना लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा संमत झाला. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे जे तात्पुरते उपाय योजण्यात आले होते, त्यांना या कायद्याने कायमचे रूप दिले. ज्या साली देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा झाला त्याच साली हाही झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांपैकी वृत्तपत्रांचा कायदा थोड्याच वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही दशकाहून अधिक काळ टिकून राहिला.

या कायद्याचा जाच केवळ परवान्याच्या अटीत नव्हता. त्याखालील नियमांनी युरोपीय लोकांस दीर्घकाळ सूट दिली होती, व तोच परवाना एतद्देशीयांस मात्र सरकारच्या मर्जीने मिळावयाचा होता. म्हणूनच अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत, लोकांच्या नियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने द्यावेत, ही एक मागणी होती. शस्त्र न उचलणे हा स्वेच्छेचा धर्म आहे. शस्त्र हिरावून घेतले जाणे ही पराधीनता आहे. हा भेद त्यांच्या भूमिकेच्या मुळाशी होता.

वर्ध्याच्या शेजारी नागपुरात याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. १९२७ साली मंचेरशा आवारी यांनी शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला आणि उघडपणे हत्यारे घेऊन मिरवणुका काढल्या. गांधीजींनी या सत्याग्रहास मान्यता दिली नाही. कायदा अन्याय्य असला तरी हाती तरवार घेऊन केलेल्या कायदेभंगास सत्याग्रह म्हणता येत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. पुढे १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद केला होता.

४

एवढ्या आंदोलनानंतर स्वतंत्र भारताच्या घटनेत हा हक्क यावयास हवा होता असे कोणासही वाटेल. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी उपसूचना मांडलीही. कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे, म्हणजे वर्धा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांताचे प्रतिनिधी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपसूचना स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. सरसकट हक्क दिल्यास समाजास ज्यांच्यापासून धोका आहे अशांच्याही हाती शस्त्र द्यावे लागेल, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता.

या चर्चेवर त्या वर्षाची छाया होती हे विसरून चालणार नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या पिस्तुलाने झाली होती. मराठी मुलखाच्या स्मृतीत तर पिस्तुलाला त्यापूर्वीच राजकीय अर्थ चिकटलेला होता. १८९७ साली पुण्यात झालेला रँडचा वध आणि १९०९ साली नाशिकात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल, या घटना सर्वश्रुत आहेत. बंदूक शेतावर राखणीसाठी उघड नेली जाते. पिस्तूल कपड्यात लपते. राज्यकर्ता परका असो वा स्वकीय, लपणाऱ्या शस्त्राविषयी त्याचा संशय अधिक असतो.

अशा वातावरणात १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना झाली आणि तिचे प्रवर्तक व पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी घराणे, कर्मभूमी अहमदाबाद, गांधीजींच्या चळवळीत भोगलेला कारावास, आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्षपद, असा त्यांचा परिचय आहे. गांधीजींच्या अनुयायाने गांधीहत्येनंतर तीनच वर्षांनी नेमबाजीची संस्था काढावी, यात काहींस विसंगती वाटेल. परंतु मागे उल्लेखिलेला भेद लक्षात घेतला म्हणजे ती नाहीशी होते. हिरावून घेतलेली गोष्ट शिस्तीच्या चौकटीत परत मिळविण्याचाच हा उपक्रम होता. मावळंकरांच्या नावाने भरणारी नेमबाजीची स्पर्धा आजही नव्या खेळाडूंस राष्ट्रीय स्पर्धेकडे नेणारी पायरी समजली जाते.

५

१९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या तेराव्या कलमाची २०१९ च्या दुरुस्तीपूर्वीची शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाने निशाणाच्या सरावासाठी ·२२ बोअरची रायफल किंवा हवेची रायफल मागितल्यास परवाना द्यावा, असे ते कलम तेव्हा सांगत असे. अन्य बाबतींत मात्र अर्जदारापाशी पुरेसे कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. ‘पिस्तूल’ हा शब्द पहिल्या वर्गात नव्हता. म्हणून निशाणासाठी पिस्तूल मागणारा आपोआप दुसऱ्या वर्गात पडे. रायफलवाल्यास सभासदत्व दाखविले की पुरे होई; पिस्तूलवाल्यास कारण पटवून द्यावे लागे. एका शब्दाच्या अनुपस्थितीने दोन खेळाडूंमध्ये हे अंतर उत्पन्न केले होते.

१९६२ च्या नियमांनी आणखी एक रेषा आखली. सैन्याचे ९ मिलिमीटरचे किंवा ·४५ चे काडतूस ज्यात बसते, तसेच ·३८० व ·४५५ चे काडतूस ज्यात बसते, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध वर्गात गेली. म्हणून सामान्य परवानाधारकासाठी मुख्यतः ·३२ आणि ·२२ ही दोनच मापे व्यवहारात उरली. पुढे २०१६ च्या नियमांनी कनिष्ठ नेमबाजाची व्याख्या करताना वयाची खालची मर्यादा १२ वर्षे धरली आणि हवेच्या शस्त्रांबाबतही रेषा स्पष्ट केली. ज्यांची नळी ४·५ मिलिमीटरहून मोठी किंवा ज्यांची शक्ती २० जूलहून अधिक, ती परवान्याच्या कक्षेत आली.

स्पर्धेतील हवेचे पिस्तूल नेमके ४·५ मिलिमीटरचे असते आणि त्याची शक्ती या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. पहिल्या पिस्तुलाचा प्रश्न अशा रीतीने इतिहासानेच बराचसा सोडविला आहे. ज्या एका साधनाची सरकारला धास्ती वाटली नाही, तेच नवशिक्याचे पहिले साधन ठरले.

६

तथापि ही लादलेली निवड खेळाच्या दृष्टीने चुकीची नाही. ·३२ चे रिव्हॉल्व्हर परवान्यावर मिळते म्हणून तेच सरावास घ्यावे, अशी समजूत पुष्कळदा आढळते. वास्तविक ते स्वसंरक्षणासाठी घडविलेले शस्त्र आहे. त्याची नळी आखूड, माशी बहुधा स्थिर, चाप जड, आणि प्रत्येक बाराबरोबर हाताला बसणारा धक्का मोठा. धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्यापूर्वीच मनगट आवळण्याची सवय एकदा जडली की ती सुटण्यास फार काळ लागतो. त्याच मापाची स्पर्धेसाठी घडविलेली पिस्तुले निराळी. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी सुवर्णपदक मिळविले ते या मोठ्या मापाच्या प्रकारात. पण ती पहिल्या वर्षाची साधने नव्हेत.

हवेच्या पिस्तुलाची स्पर्धा १० मीटरांवर होते. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११·५ मिलिमीटर असतो. पिस्तूल एका हाताने, मनगटास कोणताही आधार न देता धरावयाचे असते. त्याचे वजन १,५०० ग्रॅमहून अधिक नसावे आणि चाप किमान ५०० ग्रॅम ताणाचा असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २५ मीटरांच्या ·२२ पिस्तुलास ही वजनाची मर्यादा १,४०० ग्रॅम व चापाची १,००० ग्रॅम आहे.

या नियमांतूनच निवडीची कसोटी निघते. पहिली गोष्ट मुठीची. ती तळव्यात पूर्ण भरली पाहिजे आणि तर्जनी मात्र तिच्यापासून मोकळी राहून चापावर सरळ मागे आली पाहिजे. डावखुऱ्यास उजव्या हाताची मूठ देणे म्हणजे आरंभीच नुकसान करणे होय. दुसरी गोष्ट समतोलाची. कमाल वजन चालते म्हणून ते घ्यावेच असे नाही. साठ बारांच्या अखेरीस हात थरथरणार नाही इतकेच वजन बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलीस योग्य. तिसरी गोष्ट चापाची. तो कोठे सुटतो हे प्रत्येक वेळी सारखेच कळले पाहिजे. चौथी गोष्ट शिलिंडरात दाबलेली हवा भरण्याच्या सोयीची. पंप किंवा हवा भरण्याचे केंद्र जवळ नसेल तर प्रत्येक बारापूर्वी तरफ दाबून हवा भरावयाचे साधे पिस्तूल, थोडे कष्टाचे असले तरी, अधिक उपयोगी पडते. या सर्वांहून अगोदरची गोष्ट म्हणजे क्लबातील पिस्तुलावर काही महिने सराव करून मगच स्वतःचे घेणे. कारण आपल्या हाताची गरज काय आहे हे त्या सरावावाचून कळत नाही.

७

येथेच वर्ध्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. महाराष्ट्रातील नेमबाजीचा विकास मुख्यतः मुंबई, पुणे व कोल्हापूर या केंद्रांभोवती झाला. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले, आणि आशियाई नेमबाजीत असे पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. अशा यशामागे व्यक्तीचे गुण असतातच. पण जवळ असलेले मैदान, शिक्षक आणि वडीलधाऱ्या खेळाडूंचा आदर्श हेही असतात. कायद्याने खेळाडूची ओळख क्लबाच्या सभासदत्वाशी जोडली. त्यामुळे जेथे क्लब दूर, तेथे हक्कही दूर, असा त्याचा व्यावहारिक अर्थ झाला. आर्वी किंवा हिंगणघाट येथील विद्यार्थ्यास निशाणाचे पिस्तूल हाती घ्यावयाचे असल्यास त्याच्यापुढची पहिली अडचण पिस्तुलाच्या प्रकाराची नसून अंतराची आहे.

१८७८ च्या कायद्याने शस्त्र हिरावले ते वंश पाहून. १९५९ च्या कायद्याने ते परत दिले ते कारण विचारून. हा फरक मोठा आहे, आणि ज्या समाजात पिस्तुलाने गांधीजींचा बळी घेतला त्या समाजाने कारण विचारणे गैरही नाही. परंतु कारण विचारणाऱ्या राज्यावर ते कारण सिद्ध करण्याची जागा उपलब्ध करून देण्याची जबाबदारीही येते. १० मीटरांची एक बंदिस्त खोली, पाठीमागे छर्रे अडविणारी व्यवस्था, दोन-चार पिस्तुले आणि एक जाणता शिक्षक, एवढे साहित्य तालुक्याच्या शाळेत किंवा महाविद्यालयात उभे राहणे अशक्य नाही. ते होईपर्यंत पहिल्या पिस्तुलाची निवड हा वर्धा जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने केवळ वाचनाचा विषय राहील.