आखाचं अंजन

कसारा घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजात धाकट्या भावाचा ट्रक लावला होता. मिस्त्रींनी ऑइलचं गेज बाहेर ओढलं, टोकाचा थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि बोट माझ्यासमोर धरलं. काळं कुळकुळीत. "बघा दादा, काजळच आहे हे." दुसरा थेंब त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर टाकला, पुठ्ठा बाजूला ठेवला आणि चहा सांगितला.

काजळ हा शब्द डोक्यातून जाईना. काजळ म्हणजे अंजन. संस्कृतातला 'अञ्ज्' हा धातू माखणे, चोपडणे या अर्थाचा. त्याला 'अभि' लागला की दिवाळीच्या पहाटेचा अभ्यंग होतो. 'उप' लागला की उपांजन होतं. मनुस्मृतीत घर सारवण्याला हा शब्द आहे, आणि गाडीच्या आखाला तेल देण्यालाही संस्कृतात तोच. माझं म्हणणं असं की आपलं 'वंगण' या उपांजनाच्या घरातलं आहे. डोळ्यातलं अंजन, अंगाचा अभ्यंग आणि चाकाचं वंगण ही सख्खी भावंडं आहेत.

पुरावा चरकसंहितेपासून सुरू होतो. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अभ्यंगाचं महत्त्व सांगताना तीन दाखले येतात: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण दिलेला आख. तिन्ही टिकाऊ होतात, तसंच शरीरही. अंगाला तेल लावायला 'अभ्यंग' आणि आखाला तेल द्यायला 'उपांग', असे दोन वेगळे शब्द एकाच ठिकाणी वापरलेले आहेत. हा 'उपांग' म्हणजे शरीराचा उपअवयव नव्हे. 'अञ्ज्' मधल्या 'ज'चा 'ग' होऊन जसा अभ्यंग बनतो, तसाच तो बनला आहे. पुढची कडी जैन आगमांच्या अर्धमागधीत सापडते. साधूने अन्न कसं घ्यावं, तर आखाला वंगण आणि जखमेला लेप द्यावा तसं. तिथला शब्द आहे 'अक्खोवंजण', म्हणजे अक्ष आणि उपांजन. 'प'चा 'व' झालेला इथे डोळ्यांना दिसतो.

मग मराठीत सुरुवातीचा 'उ' कुठे गेला? जिथे 'उपरि'चा गेला तिथेच. उपरि, उवरि, वर. त्याच वाटेने उपांगण, उवंगण, वंगण. हिंदीने 'ऊपर' मध्ये स्वर राखला, तसा तिच्या 'औंगन' मध्येही राखला. गाडीच्या धुरीला तेल देणं म्हणजे औंगना. गुजरातीत वंगणाला ऊंजण म्हणतात. तिने 'ज' ठेवला, हिंदी-मराठीने 'ग' घेतला. तीन शेजारणींच्या घरी एकाच कुळाची तीन रूपं निघावीत, याहून मोठी साक्ष मला नको.

तरी विरोधी पक्ष ऐकायलाच हवा. वंग म्हणजे कथील. इंजिनाच्या बेअरिंगला कथिलाचा पांढरा धातू लागतो, म्हणून वंगावरून वंगण, हे ऐकायला गोड वाटतं. पण कथिलाचं बेअरिंग आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये आणलं, आणि बैलगाडीच्या आखाला कथिलाशी काही घेणंदेणं नव्हतं. हा पक्ष मी बाद धरतो. दुसरा पक्ष जड आहे: वंगण थेट अभ्यंगापासून आलं. पालीतल्या संयुत्तनिकायात भिक्षूच्या जेवणाला आख माखण्याचीच उपमा आहे, आणि तिथे 'अभि'वालं क्रियापद आहे, 'उप'वालं नव्हे. पण प्राकृतात अभ्यंगाचा 'अब्भंग' होतो. जोडाक्षरात दबलेला तो 'भ' मराठीत सहजी 'व' होत नाही. मग 'भंगण' व्हायला हवं होतं. मी उपांजनावर ठाम आहे.

बाकी टप्पे सगळ्यांना ठाऊक आहेत. इंग्रजीतलं ऑइल ऑलिव्हचं, आपलं तेल तिळाचं. 1859 मध्ये टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीतून खनिज तेल वर आलं. आणि कॅस्ट्रॉल हे नाव 'कॅस्टर'वरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून पडलं.

पण एक प्रश्न राहतोच. गॅरेजात वंगण कुणी म्हणत नाही, सगळे ऑइल म्हणतात. माझ्या मते याचं उत्तर क्रियापदात आहे. वंगण 'घालतात', ऑइल 'बदलतात'. बैलगाडीचं चाक करकरलं की आखात तेल घालायचं. ते ठिबकून, उडून संपायचं. किती दिवसांनी बदलायचं हा प्रश्नच नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंही एरंडेल असंच पिऊन बाहेर फेकत. तेल चेंबरमध्ये परत येऊन पुन्हा पुन्हा फिरायला लागलं, तेव्हा ते मळायला लागलं आणि बदलण्याची वेळ ठरवावी लागली. हे काम वंगणाच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून ते परक्या शब्दाकडे गेलं.

भिक्षूच्या जेवणाच्या त्या जुन्या उपमेतला नियम मात्र ट्रकला तंतोतंत लागतो: आख माखायचा तो ओझं वाहून जाईल इतकाच. तेल कधी बदलायचं हे ठरवायला भाऊ किलोमीटर मोजतो. मिस्त्री विचारतात, घाट किती, माल किती, गाडी उभ्या उभ्या किती तास चालू होती? आज काही उत्पादक लाखाच्या पुढचं अंतर सांगतात, पण ते हमरस्त्यावर सलग पळणाऱ्या गाडीचं. खडीच्या खाणीतल्या टिपरला तो आकडा लावणं म्हणजे इंजिनाशी वैर.

ऑइलच्या बादलीवरच्या 15डब्ल्यू-40 मधला डब्ल्यू हिवाळ्याचा आहे. 15 हा आकडा उणे वीस अंशांतल्या स्टार्टसाठी. कसाऱ्याला तो क्वचितच कामी येतो. आपल्याला हवा तो 40, म्हणजे शंभर अंशांवरचा दाटपणा. खरी निवड पुढच्या अक्षरांत असते. जुन्या इंजिनाला सीआय-4 दर्जाचं तेल चालतं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांना धुराची जाळी असते; राखेने ती तुंबते, म्हणून कमी राखेचं सीके-4 लागतं. तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

आणि काळं पडणं हा तेलाचा दोष नाही. डिझेल जळताना काजळी धरते. तेलातली द्रव्यं ती कणाकणाने सुटी ठेवून अंगावर वागवतात, बेअरिंगवर बसू देत नाहीत. आजी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी पाडायची आणि तुपात खलायची. चेंबरमध्येही तेच घडतं: काजळी आणि स्नेह. मिस्त्री बरोबर बोलले होते. चेंबरच्या त्या डब्यात अंजनच तयार होत होतं.

चहा संपेपर्यंत पुठ्ठ्यावरचा थेंब पसरला होता. काजळी तेलाबरोबर कडेपर्यंत गेली असती तर गाडी अजून चालवता आली असती. पण काळा ठिपका मध्येच थिजला होता, कडेने नुसतं पिवळं तेल गेलं होतं. मिस्त्रींनी पुठ्ठा भावाला दाखवला, पान्हा उचलला आणि गाडीखाली सरकले.