वीजदराची जनसुनावणी: दर कोण ठरवतं, हरकत कुठं आणि कशी घ्यायची?

वीजबिल वाढून आलं की पहिला राग निघतो तो मीटर वाचायला येणाऱ्या पोरावर, नाहीतर सेक्शन ऑफिसच्या खिडकीतल्या कारकुनावर. पण युनिटचा दर त्यांच्या हातात नसतो. तो बिल येण्याच्या काही महिने आधी ठरलेला असतो. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणी होते. सुनावणीला उद्योजक संघटनांची माणसं फायली घेऊन हजर असतात. शेतकरी संघटनांचे दोन-चार कार्यकर्ते असतात. घरगुती ग्राहक बहुधा नसतोच. त्याला वाढ कळते ती थेट बिलातून.

बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद या सगळ्या ठिकाणी कायदा एकच लागू आहे, तो म्हणजे वीज कायदा २००३. वीज कंपन्या आणि आयोग मात्र राज्यागणिक वेगळे. त्यामुळे ही प्रक्रिया एकदा समजून घेतली की कुठल्याही राज्यातल्या ग्राहकाला ती उपयोगी पडते.

दर ठरवतं कोण?

दर वीज कंपनी ठरवत नाही आणि कायद्याने सरकारही ठरवत नाही. हा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाचा. आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य असतात. बेळगाव जिल्ह्यात वीज देते हेस्कॉम, बिदर-कलबुर्गी भागात जेस्कॉम. दोन्हींचे दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. हुक्केरी तालुक्याची गोष्ट निराळी आहे. तिथं ग्रामीण वीज सहकारी संस्था स्वतः वीज वितरण करते, पण दरासाठी तिलाही आयोगापुढेच जावं लागतं.

गोव्यात वितरण कंपनी नाही, सरकारचं वीज खातंच वीज पुरवतं. गोव्याला स्वतंत्र आयोगही नाही. गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी संयुक्त आयोग आहे आणि त्याचं कार्यालय हरियाणात गुरुग्रामला आहे. इंदूरला पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनी आणि ग्वाल्हेरला मध्य क्षेत्र कंपनी, दोघांसाठी मध्य प्रदेशचा आयोग. बडोद्याला मध्य गुजरात वीज कंपनी, तिच्यावर गुजरातचा आयोग. महाराष्ट्राचा आयोग १९९९ पासून काम करतो.

ग्राहकाला बोलण्याचा हक्क कुठून आला?

कायद्याच्या कलम ६४ मधून. दरवाढीचा अर्ज करणाऱ्या कंपनीने तो अर्ज थोडक्यात जाहीर करायचा असतो. अर्ज आल्यापासून १२० दिवसांत, लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन, आयोगाने निर्णय द्यायचा असतो. म्हणजे सुनावणी ही आयोगाची मेहेरबानी नाही, तो प्रक्रियेचाच भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली कोलकात्याच्या वीज कंपनीच्या प्रकरणात, तेव्हाच्या १९९८ च्या कायद्याखाली, ग्राहकांचा म्हणणं मांडण्याचा हक्क मान्य केला. मात्र तो अनिर्बंध नाही, कुणाला कसं ऐकायचं याचे नियम आयोग करू शकतो, असंही बजावलं.

सगळ्या ग्राहकांच्या वतीने बोलायला एखाद्या जाणकार व्यक्तीला किंवा संस्थेला नेमण्याची मुभा आयोगाला कलम ९४ ने दिली आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘प्रयास’ने आणि मुंबई ग्राहक पंचायतीने हे काम केलं आहे.

न्याय्य दर म्हणजे काय?

कलम ६२ म्हणतं, कुठल्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नये. पण वीज किती वापरली, कोणत्या वेळी, कशासाठी, किती दाबाची, यावरून दरात फरक करता येतो. सगळा वाद या दोन वाक्यांच्या मधे आहे. कारखान्याला जास्त दर लावून गरिबाचा दर खाली ठेवणं म्हणजे क्रॉस सबसिडी. ती हळूहळू कमी करा, असंही कायदा सांगतो. राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त किंवा फुकट वीज द्यायची असेल तर कलम ६५ प्रमाणे तेवढी रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ भरायची असते. ती वेळेवर आली नाही की कंपनी कर्ज काढते, आणि त्या कर्जाचं व्याज दरात घालून मागते.

प्रत्यक्षात कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात पैसे जातात, हे कर्नाटकातल्या उदाहरणावरून दिसतं. २०२३-२४ मध्ये महिन्याला १०० युनिटच्या आत राहणाऱ्या घराला युनिटमागे ४ रुपये ७५ पैसे पडत. शंभरी ओलांडली की सगळ्या युनिटना ७ रुपये. १ एप्रिल २०२४ पासून टप्पे गेले आणि सर्वांना ५ रुपये ९० पैसे असा एकच दर आला. आता हिशेब मांडून बघा. ९० युनिट वापरणाऱ्या घराचा वीज आकार ४२७ रुपये ५० पैशांवरून ५३१ रुपयांवर गेला. १८० युनिटवाल्याचा १,२६० वरून १,०६२ वर आला. कमी वापरणाऱ्याला साडेतीनशे पैशांची नव्हे, चांगली १०३ रुपये ५० पैशांची वाढ. जास्त वापरणाऱ्याला १९८ रुपयांची सूट.

हा फरक बऱ्याच घरांना जाणवला नाही, कारण जुलै २०२३ च्या वापरापासून गृहज्योती योजना सुरू होती. तिच्यात घराच्या आदल्या वर्षीच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून, २०० युनिटच्या मर्यादेत, बिल सरकार भरतं. म्हणजे दर वाढला तो सरकारी तिजोरीवर. पण ज्याचं नाव योजनेत नाही त्या छोट्या ग्राहकावर तो थेट पडला. उद्या योजना बदलली तर मूळ दर काय, हा प्रश्न सगळ्यांपुढे येईल. म्हणून ‘आपलं बिल शून्य येतं, आपल्याला काय करायचंय’ असं म्हणून सुनावणीकडे पाठ फिरवणं परवडणारं नाही.

हरकत घ्यावी अशा चार जागा

१. गळती. समजा कंपनीने १०० युनिट विकत घेतले, एकूण खर्च ५०० रुपये. वाटेत २० युनिट गळाले किंवा आकडे टाकून चोरीला गेले, तर उरलेल्या ८० युनिटवर तो खर्च बसतो. युनिटला ६ रुपये २५ पैसे. गळती १५ वर आणली तर ५ रुपये ८८ पैसे. मधले ३७ पैसे प्रामाणिकपणे बिल भरणारा सोसतो. म्हणून आयोग गळतीची मर्यादा ठरवून देतो, आणि तिच्यावरचा तोटा ग्राहकाच्या माथी मारता येऊ नये अशी अपेक्षा असते. ती मर्यादा सैल आहे का, हे विचारण्याची जागा म्हणजे सुनावणी.

२. मीटर नसलेले शेतीपंप. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत. मीटरच नसेल तर पंपांनी किती वीज ओढली याचा अंदाजच धरावा लागतो. अंदाज फुगवला की गळती आपोआप कमी दिसते. महाराष्ट्रात आयोगापुढच्या सुरुवातीच्या सुनावण्यांत हेच उघडं पडलं. तेव्हाच्या वीज मंडळाची खरी गळती कागदावरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. ग्राहकांच्या बाजूने कुणी आकडे तपासले नसते तर ती शेतकऱ्याच्या नावावरच खपली असती. इथं हरकत शेतकऱ्याच्या सवलतीला नाही, हिशेबाला आहे. डीपीवर मीटर बसवून मोजा, एवढीच मागणी पुरते.

३. स्थिर आकार. हा वापरावर नाही, मंजूर भारावर लागतो. किलोवॅटला १२० रुपये धरले तर तीन किलोवॅटच्या घराला एक दिवाही न लावता महिन्याला ३६० रुपये. पोरं पुण्या-मुंबईला आणि घर वर्षभर कुलूपबंद, अशी घरं सीमाभागात गावोगाव आहेत. खांब-तारांचा खर्च वीज वापरली नाही तरी होतो, हे कंपनीचं म्हणणं खोटं नाही. पण त्यातला किती भाग स्थिर आकारात आणि किती युनिटच्या दरात घालायचा, हा निवडीचा प्रश्न आहे. स्थिर आकार वाढला की काटकसर करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

४. जुनी देणी. कर्नाटकात एप्रिल २०२५ पासून वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन व उपदानापोटी युनिटमागे ३६ पैसे अधिभार आला. हा बोजा सरकारचा की ग्राहकाचा, यावर संघटनांनी जोरदार हरकती घेतल्या. कर्मचाऱ्याला पेन्शन मिळायलाच हवी, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो कुणाच्या खात्यातून, याचा.

हरकत कशी लिहायची?

पहिली गोष्ट, स्वतःच्या मीटरची तक्रार इथं चालत नाही. बिल चुकलं, जोडणी मिळेना, डीपी जळून आठ दिवस झाले, हे विषय कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे न्यायचे. तिथं समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल. दरनिश्चितीत फक्त सगळ्यांना लागू होणारे मुद्दे ऐकले जातात. सुनावणीत बरीच माणसं नेमकी इथं चुकतात. पाच मिनिटं मिळतात आणि ती गल्लीतल्या खांबावर जातात.

दुसरी गोष्ट मुदतीची. जाहिरात आल्यावर साधारण तीन-चार आठवडे मिळतात. हेस्कॉमची जाहिरात कन्नड व इंग्रजी दैनिकांत येते, त्यामुळे फक्त मराठी पेपर वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. नोव्हेंबरनंतर आयोगाचं आणि कंपनीचं संकेतस्थळ अधूनमधून बघत राहणं बरं. हरकत कोणत्या भाषेत, किती प्रतींत, प्रतिज्ञापत्रासह की साधी, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. बेळगावकडच्या अर्जदाराने कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घेतलेलं सोयीचं. कॉलेजात शिकणारं पोर घरात असतंच. एक प्रत आयोगाला, एक कंपनीला. कंपनीला हरकतीचं लेखी उत्तर द्यावं लागतं, ते मागून घ्यावं.

तिसरी गोष्ट मजकुराची. ‘दरवाढ रद्द करा’ एवढ्याच ओळीने काही होत नाही. अर्जाचं पान, तक्ता आणि आकडा सांगून विचारावं: गेल्या वर्षी अमुक खर्च मान्य झाला होता, प्रत्यक्षात किती झाला? यंदा एवढा का मागता? त्यावर आयोगाला आदेशात उत्तर लिहावं लागतं. दुकानाची वही तपासणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

सुनावणीला स्वतः जावं की नाही? हेस्कॉमचं मुख्य कार्यालय हुबळीला आहे. सुनावणी तिथं असली तर खानापूर-निपाणीच्या माणसाचा अख्खा दिवस मोडतो, रोजगार बुडतो तो वेगळाच. सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या, ही मागणीही हरकतीत घालता येते. जाणं जमलं नाही तरी लेखी हरकतीची नोंद होते.

आदेशानंतर काय?

आदेश पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. खर्च मोठा असतो, त्यामुळे ते संघटनेनेच करावं. पुनर्विलोकनावरही लक्ष हवं. महाराष्ट्रात आयोगाने २८ मार्च २०२५ ला महावितरणचे दर ठरवले. काही दिवसांतच महावितरणच्या मागणीवरून त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. आधीच्या आदेशाच्या वेळी झाली तशी जनसुनावणी या वेळी झाली नाही, अशी ग्राहक व उद्योग संघटनांची हरकत होती. कोल्हापूर-इचलकरंजीच्या कारखानदारांसाठी ती साधी गोष्ट नव्हती. सुनावणी पार पडली म्हणून ग्राहकाने फाईल बांधून ठेवू नये, हा त्यातला धडा.

वर्षाला एक जाहिरात, तीन-चार आठवड्यांची मुदत आणि दोन पानांची हरकत, एवढाच हा खटाटोप. एका माणसाला तो जड जातो. गल्लीतलं मंडळ, दूध सोसायटी, यंत्रमागधारकांची संघटना किंवा पतसंस्था यांनी मिळून एक हरकत नीट लिहिली तर तिला वजन येतं. पुढची जाहिरात येईल तेव्हा लागणारी कागदपत्रं आत्ताच घरात आहेत: गेल्या बारा महिन्यांची बिलं. ती एका पिनेत लावून ठेवली तरी सुरुवात झाली.