सुगंधी वनस्पती आणि सर्प

चंदनास सर्प वेढून असतात, केतकीच्या बनात नाग वसतो, अंगणात रातराणी लावू नये, अशा समजुती आपल्याकडे परंपरेने चालत आल्या आहेत. सर्पवेष्टित चंदन हा तर संस्कृत सुभाषितांचा आवडता दृष्टांत. वस्तुतः चंदनाचा सुगंध खोडाच्या गाभ्यात असतो; उभ्या वृक्षास तो जवळजवळ नसतोच. सर्प जिभेने टिपलेले गंधकण टाळूतील इंद्रियाने ओळखतो, पण त्याचा शोध भक्ष्याचा असतो, फुलांचा नव्हे. केवड्याच्या दाट, काटेरी जाळीत बेडूक व उंदीर आश्रय घेतात आणि त्यांच्यामागे सर्प येतो, एवढे मात्र खरे. तेव्हा भीतीपोटी झाड तोडू नये. बुंध्याशी साचलेला पालापाचोळा काढावा व पहाटे फुले वेचताना हाती विजेरी असावी. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तत्काळ रुग्णालय गाठावे.