सूर जपून ठेवण्याची गोष्ट

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्याला तमाशाची मोठी परंपरा आहे. पवळाबाई हिवरगावकर याच तालुक्यातल्या. तमाशाचा खेळ सुरू होण्यापूर्वी ढोलकीवाला ढोलकी सुरात लावतो. दमट हवेत चामडे सैल पडते, कोरड्या हवेत ताणले जाते. त्यामुळे काल लावलेला सूर आज तसाच मिळेल याची खात्री नसते. मग तो जपून ठेवता येईल का?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या वाद्यकारांनी फार पूर्वीच शोधले होते. ते म्हणजे शाई. नुसत्या ताणलेल्या गोल पडद्याच्या कंपनांची प्रमाणे १ : १.५९ : २.१४ अशी विषम असतात, म्हणून त्यातून स्पष्ट सूर उमटत नाही. शाईच्या वजनामुळे मृदंग-तबल्यात ही प्रमाणे १ : २ : ३ : ४ : ५ च्या जवळ येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासह दाखवून दिले. म्हणजे स्वरांचे प्रमाण शाईत जपले गेले. ताण मात्र रोज जुळवावाच लागतो.

उरलेले अर्धे उत्तर इलेक्ट्रॉनिक्सने दिले. १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी भारतीय राग आणि डिस्कोचा ठेका एकत्र आणणारी ध्वनिमुद्रिका काढली. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती. 'टीआर-८०८' या तालयंत्राला ठेका लक्षात राही. पण ढोलाचा नाद किती वेळ रेंगाळावा हे ठरवणारे बटण कुठे फिरवले होते, हे लक्षात राहत नसे. शेजारचे 'ज्युपिटर-८' मात्र ६४ नादांची जुळणी साठवू शके.

हा फरक कशामुळे? ज्युपिटरमधील सूक्ष्मप्रक्रियक प्रत्येक बटणाची जागा अंकांत लिहून ठेवत असे. १९८३ मध्ये 'मिडी' हा संकेत आला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना अंकांची समान भाषा मिळाली. तिच्यात बटणाची स्थिती साधारणपणे ० ते १२७ या अंकांनी सांगतात. पुढे तालवाद्येच संगणकाच्या पडद्यावर आली आणि नादांची सगळी जुळणी एका छोट्या फाइलीत मावू लागली.

वर्गात एक गणित करून पाहावे. अशा वाद्याला ८ बटणे असतील, तर एकूण जुळण्या १२८ चा ८ वा घात, म्हणजे २ चा ५६ वा घात होतील. ही संख्या सुमारे ७२ हजार लाख कोटी भरते. आवडलेला नाद हरवला, तर चाचपडत तो पुन्हा सापडणे अशक्यच. पण तो नोंदवायला ५६ द्विमान अंक, म्हणजे अवघे ७ बाइट पुरतात!

विद्यार्थ्यांच्या एक गोष्ट मात्र ध्यानात आणून द्यावी. या फाइलीत बटणांच्या जागा असतात, नाद नसतो. दुसऱ्या वाद्यप्रणालीत तेच अंक घातले तर निराळा ढोल वाजेल. आणि मुळात कोणते अंक जपण्याजोगे आहेत, हे ठरवायला ढोलकीवाल्यासारखा तयार कानच लागतो.