घरभर एकच गाणं: स्पीकर घेण्याआधी थोडा इतिहास



दिवाळीच्या पहाटे घरभर एकच गाणं वाजावं, ही माझी हौस. मुलं कानात इअरफोन घालून आपापल्या खोलीत. मराठी गाणी म्हणजे फक्त "आईची गाणी". म्हणून चार खोल्यांसाठी वायरलेस स्पीकर शोधायला बसले. पण मी पडले सीए! आधीचे ताळेबंद बघितल्याशिवाय खर्चाला हात जात नाही. तेव्हा आधी इतिहास.

१९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला गीतरामायणातलं नवं गीत लागायचं. एका घरातला सूर पुढच्या घरापर्यंत तुटत नसे असं जुनी माणसं सांगतात. जुळवाजुळव कुणालाच करावी लागत नव्हती. केंद्र एक, आणि लहर पोचली की प्रत्येक रेडिओ त्याच क्षणी वाजणार.

वाय-फायवर तसं होत नाही. गाणं तुकड्यातुकड्यांनी येतं आणि प्रत्येक स्पीकरचं घड्याळ वेगळं. थोडा फरक पडला तरी शेजारच्या खोलीतून प्रतिध्वनी. म्हणून सगळ्यांची घड्याळं जुळवून ठरल्या क्षणी वाजवायचं, हे काम सॉफ्टवेअर करतं. २००२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सोनॉसने जानेवारी २००५ मध्ये आपला असा पहिला संच बाजारात आणला. तेव्हा आयफोनही नव्हता. सोबत रंगीत पडद्याचा रिमोट यायचा.

आता खरी गंमत. स्पीकर तुमच्या घरात, पण सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात.

• लॉजिटेकने २००६ मध्ये स्क्वीझबॉक्स बनवणारी कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ते उत्पादन थांबवलं. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त होतं. हौशी मंडळींनी ते आजवर जिवंत ठेवलंय.

• जानेवारी २०२० मध्ये सोनॉसने जुन्या उपकरणांना मे महिन्यापासून नवे अपडेट मिळणार नाहीत असं जाहीर केलं. ग्राहक खवळले, प्रमुखांनी माफी मागितली आणि जुन्या उपकरणांसाठी वेगळं ॲप ठेवलं.

• पेटंटच्या वादात जानेवारी २०२२ मध्ये निकाल सोनॉसच्या बाजूने लागला. मग गूगलने विकलेल्या स्पीकरांतूनही एकत्र आवाज कमी-जास्त करायची सोय काढली. पैसे दिलेली सोय, घरबसल्या गेली!

• मे २०२४ मध्ये सोनॉसचं नवं ॲप आलं ते गजरासारख्या साध्या सोयींशिवाय. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखांना पद सोडावं लागलं.

आमच्या गॅरेजमध्येही तीन स्पीकर पडून आहेत. आवाज ठणठणीत, पण फोन बदलल्यावर ॲप चालेना. माझ्या हिशेबात घसारा दहा वर्षांचा धरला होता. चौथ्या वर्षीच मूल्य शून्य.

म्हणून माझा निर्णय असा: दिवाणखान्यात साधा ॲम्प्लिफायर आणि वायरचे जुने स्पीकर तसेच ठेवायचे, त्यांना वाय-फायचा छोटा डबा जोडायचा. उद्या बिघडला तर डबाच बदलेल. नवीन स्पीकर घेताना मागे वायरची खाच आहे ना, आणि दुसऱ्या कंपन्यांच्या उपकरणांशी जुळतो ना, हे आधी बघायचं. आत्ता दोनच खोल्या. बाकी पुढच्या वर्षी.

मुलांच्या खोल्या त्या दोनांत आहेत, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही 😄

तुमच्याकडे काय आहे, आणि किती वर्षं टिकलं? कृपया वर्षासकट लिहा.