ब्रायन एपस्टाइन

ब्रायन सॅम्युएल एपस्टाइन (१९ सप्टेंबर १९३४ – २७ ऑगस्ट १९६७) हे इंग्लंडमधील संगीत-व्यवसायी आणि 'द बीटल्स' या रॉक बँडचे व्यवस्थापक होते. डिसेंबर १९६१ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी या बँडचा कारभार पाहिला. जेरी अँड द पेसमेकर्स, बिली जे. क्रेमर आणि सिला ब्लॅक यांचेही ते व्यवस्थापक होते. त्यांच्या आयुष्याविषयीच्या काही प्रचलित गोष्टींना आधार कमी आहे, तर काही उघडपणे चुकीच्या आहेत. त्यामुळे या लेखात कोणती माहिती कोठून आली आहे, हे शक्य तेथे सांगितले आहे.

चरित्राची साधने

एपस्टाइन यांच्या पूर्वायुष्याची बरीचशी माहिती १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ सेलरफुल ऑफ नॉइज' या त्यांच्या आत्मचरित्रातून घेतली जाते. त्याचे शब्दांकन पत्रकार डेरेक टेलर यांनी केले होते. पुस्तक निघाले तेव्हा बीटल्सची लोकप्रियता शिखरावर होती आणि लेखक जेमतेम तिशीचा होता. एका अर्थी ते प्रसिद्धीचेच साहित्य होते. शिवाय एपस्टाइन समलिंगी होते आणि त्या काळी इंग्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. ही बाब छापणे म्हणजे कारावास ओढवून घेणे ठरले असते, त्यामुळे पुस्तकात तिचा उल्लेख नाही. तरुणपणातील काही प्रसंग तेथे त्रोटक का वाटतात, याचे हे एक कारण आहे. संबंधित कायदा जुलै १९६७ मध्ये शिथिल झाला. त्यानंतर एपस्टाइन महिनाभरच जगले.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म लिव्हरपूलमधील रॉडनी स्ट्रीट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तो दिवस योम किप्पुर या ज्यू सणाचा होता. आजोबा आयझॅक लिथुआनियातून आलेले होते आणि त्यांचा फर्निचरचा व्यवसाय होता. शेजारचे वाद्यांचे दुकान कुटुंबाने घेतले आणि त्याच्या नावावरून पुढे 'नॉर्थ एंड म्युझिक स्टोअर्स' अर्थात 'नेम्स' हे नाव रूढ झाले. वडील हॅरी, आई मल्का (घरातील नाव क्वीनी) आणि धाकटा भाऊ क्लाइव्ह असा त्यांचा परिवार होता.

ब्रायन यांचे शालेय शिक्षण अनेक शाळांमध्ये झाले आणि लिव्हरपूल कॉलेजमधून त्यांना काढून टाकण्यात आले होते. सक्तीच्या लष्करी सेवेतून वैद्यकीय कारणांवरून त्यांना मुदतीपूर्वी मुक्त करण्यात आले. १९५६ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रामॅटिक आर्टमध्ये प्रवेश घेतला, मात्र अभ्यासक्रम अर्धवट सोडून ते दुकानाकडे परतले. त्यामुळे त्यांना या संस्थेचे पदवीधर म्हणणे बरोबर नाही. दुकानातील रेकॉर्ड विभाग मात्र त्यांनी उत्तर इंग्लंडमध्ये नावारूपाला आणला.

बीटल्सशी पहिली ओळख

आत्मचरित्रातील कथेनुसार २८ ऑक्टोबर १९६१ रोजी एका तरुण ग्राहकाने दुकानात येऊन 'माय बॉनी' ही बीटल्सची रेकॉर्ड मागितली आणि एपस्टाइन यांनी हे नाव तेव्हा प्रथमच गांभीर्याने ऐकले. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती पूर्णपणे खोटी ठरवता येत नाही, परंतु जशीच्या तशी स्वीकारणेही कठीण आहे. हॅम्बुर्गमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्या रेकॉर्डवर 'टोनी शेरिडन अँड द बीट ब्रदर्स' असे छापलेले होते, 'बीटल्स' हे नाव तिच्यावर नव्हते. याहून महत्त्वाचा पुरावा 'मर्सी बीट' या स्थानिक संगीतपत्राचा आहे. जुलै १९६१ च्या अंकात या पत्राने बीटल्सच्या ध्वनिमुद्रणाची बातमी पहिल्या पानावर दिली होती. हे पत्र एपस्टाइन यांच्याच दुकानात विकले जाई आणि ऑगस्टपासून ते स्वतः त्यात नव्या रेकॉर्डविषयी सदर लिहीत. संपादक बिल हॅरी यांनी पुढे वारंवार सांगितले की, एपस्टाइन यांना हा बँड आधीपासून ठाऊक होता. नाव डोळ्यांखालून गेले असेल, पण ग्राहकाच्या मागणीमुळे कुतूहल जागे झाले असेल, अशी सांगड घालता येते.

९ नोव्हेंबर १९६१ रोजी सहायक अलिस्टर टेलर यांच्यासह त्यांनी कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्सचा दुपारचा कार्यक्रम पाहिला. ही तारीख बहुतेक चरित्रकारांना मान्य आहे.

करार आणि व्यवसाय

पहिला करार २४ जानेवारी १९६२ रोजी झाला. चारही वादकांनी त्यावर सह्या केल्या, एपस्टाइन यांनी मात्र केली नाही. पूर्ण विधिवत करार १ ऑक्टोबर १९६२ चा आहे. पॉल मॅककार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन एकवीस वर्षांखालील असल्याने त्यावर त्यांच्या वडिलांच्याही सह्या आहेत. 'एपस्टाइन पंचवीस टक्के घेत' हे सर्रास आढळणारे विधान या दुसऱ्या करारातील कमाल दराचे आहे. दर मिळकतीनुसार बदलत असे आणि पहिल्या करारात तो दहा व पंधरा टक्के होता.

१ जानेवारी १९६२ रोजी डेका कंपनीने घेतलेल्या चाचणीनंतर बीटल्सना नकार मिळाला. गिटारवादकांच्या बँडचे दिवस संपत आले आहेत, असे कंपनीचे अधिकारी डिक रो म्हणाल्याचे सांगितले जाते. त्याचा उगम एपस्टाइन यांचे आत्मचरित्रच आहे. रो यांनी आपण असे म्हटल्याचे नाकारले होते. पुढे जॉर्ज मार्टिन यांच्यामार्फत पार्लोफोनशी करार झाला. ऑगस्ट १९६२ मध्ये ड्रमवादक पीट बेस्ट यांना काढण्याचा निर्णय इतर तिघांचा होता. तो कळवण्याचे काम एपस्टाइन यांच्यावर आले.

त्यांच्या व्यावसायिक निर्णयांवर टीकाही झाली आहे. बीटल्सचे नाव व छायाचित्रे असलेल्या वस्तूंच्या विक्रीचे हक्क देताना नव्वद टक्के वाटा परवानेदार कंपनीकडे आणि फक्त दहा टक्के नेम्सकडे ठेवला गेला. ही वाटाघाट वकील डेव्हिड जेकब्स यांच्यामार्फत झाली होती आणि वाटा नंतर वाढवून घेण्यात आला, मात्र मोठे उत्पन्न तोवर हातचे गेले होते. अशा करारांचा त्या काळी ब्रिटनमध्ये फारसा पूर्वानुभव कोणालाच नव्हता, हे टीका वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

१९६५ मध्ये चौघा बीटल्सना एमबीई हा सन्मान मिळाला. एपस्टाइन यांना तो मिळालेला नाही.

जुलै १९६६ मध्ये फिलिपाइन्समधील गोंधळानंतर बँड दिल्लीमार्गे इंग्लंडला परतला. एपस्टाइन यांचे हे अल्प वास्तव्य आजारपणात गेले. हृषीकेशच्या प्रसिद्ध वास्तव्याशी मात्र त्यांचा संबंध नाही. बीटल्स तेथे फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर गेले.

मृत्यू

२७ ऑगस्ट १९६७ रोजी लंडनच्या चॅपल स्ट्रीटवरील घरात, आतून बंद असलेल्या शयनगृहात ते मृतावस्थेत आढळले. त्यांचे वय ३२ वर्षे होते. त्या वेळी बीटल्स वेल्समधील बँगर येथे महर्षी महेश योगी यांच्या शिबिरात होते.

त्यांनी आत्महत्या केल्याचे आजही अनेक ठिकाणी निःशंकपणे लिहिले जाते. ८ सप्टेंबरच्या अधिकृत चौकशीचा निष्कर्ष वेगळा आहे. कार्बिट्राल या झोपेच्या औषधाचा अंश शरीरात हळूहळू साठत गेला आणि बेफिकीरपणे घेतलेल्या मात्रांमुळे अपघाती मृत्यू झाला, असे कॉरोनरने नोंदवले. त्यांनी पूर्वी एकदा जीव देण्याचा प्रयत्न केल्याचे निकटवर्तीयांनी सांगितले आहे आणि शंका तेथून येते. परंतु वडिलांचे निधन जुलैमध्येच झाले होते आणि नुकत्याच विधवा झालेल्या आईला ते असे सोडून जातील, हे अनेक परिचितांना पटत नसे. ज्यू कुटुंबातील व्यक्तीवर आत्महत्येचा शिक्का बसणे घरच्यांना किती जड गेले असते, हे वेगळे सांगायला नको.

गर्दी होऊ नये म्हणून बीटल्स अंत्यविधीला गेले नाहीत. ते १७ ऑक्टोबर रोजी लंडनमधील स्मृतिसभेला उपस्थित होते.

स्मृती

'पाचवा बीटल' हे बिरुद अनेकांना लावले जाते. ते कोणाला शोभत असेल तर एपस्टाइन यांनाच, असे मॅककार्टनी यांनी १९९७ मध्ये म्हटले. २०१४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. लिव्हरपूलच्या व्हाइटचॅपल भागात, जुन्या दुकानाजवळ, २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या जीवनावर आधारित 'मायडस मॅन' हा चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला.