मोटारीची ओढ आणि ग्राहकाची दाद

नवे टायर बसविल्यावर मोटार एका अंगास ओढूं लागली, कीं विक्रेता चाकांच्या जुळणीस दोष देतो आणि कारागीर टायरांस. पुढील दोन टायरांची अदलाबदल करतांच ओढीची दिशा पालटली, तर दोष बहुधा टायरांतच असतो.

पण हा पुरावा ऐकावा कोणीं? जालन्यावर १९४८ पर्यंत निजामाची सत्ता होती; ब्रिटिश हिंदुस्थानचा १९३० चा मालविक्री कायदा तेथें लागू नव्हता. १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत उभारली. १९८१ मध्यें जालना स्वतंत्र जिल्हा झाला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें जिल्हा मंच दिले, सदोष वस्तु प्रयोगशाळेंत तपासविण्याची वाटही दिली. २०१९ च्या कायद्यानें ती राखली.

पावती व चाचणीची नोंद जवळ असेल, तरच हमीपत्रास तेथें बळ येतें.